डोंगर, डोंगर, तळोदा

सुकलालअप्पा गेले ही बातमी मला एक दिवस उशिरा कळली, आणि ती ज्या पद्धतीने कळली त्याचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावरचा लेख रागाने सुरू करू नये म्हणतात. पण गोडगोड शब्दांनी सुरू केला असता तर अप्पांनीच तो वाचता वाचता बाजूला टाकला असता. मी नर्स आहे. तळोद्याला एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे, तिथे मला एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी तरी दवाखान्याच्या जीपमध्ये, डावीकडच्या सीटवर गेली असतील. त्या सीटसमोर वायरलेसचा सेट आहे. रोज सकाळी आठ वाजता, जीप सातपुड्यात कुठेही असो, त्या सेटमधून एक खरखरीत आवाज यायचा, "डोंगर, डोंगर, तळोदा. हजेरी." डोंगर म्हणजे आमची जीप. तळोदा म्हणजे दवाखान्यातल्या जिन्याखालची खोली आणि तिच्यात बसलेले अप्पा.

त्या दिवशी आठ वाजता आवाज आला नाही. आम्ही वरच्या पाड्यांवर लसीकरणाला गेलो होतो. मी दोनदा हाक मारली, उत्तर नाही. ड्रायव्हर दिलवरला म्हटलं, "म्हातारा रुसलेला दिसतोय." दुसऱ्या दिवशीही सेट गप्पच. तेव्हाच निघायला हवं होतं, पण लसीचे डबे उघडलेले, पोरांची रांग लागलेली... काम उरकून दुपारी परत निघालो. चांदशैलीच्या घाटात एका वळणावर मोबाईलला रेंज मिळते. तिथे माझा फोन पर्समध्ये थरथरायला लागला तो थांबेचना. उघडून बघते तर अप्पांचा फोटो, खाली हात जोडलेले, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', परत फुलं. शहाद्याजवळच्या त्यांच्या गावी, आदल्या दिवशी पहाटे, तळोद्याची एसटी पकडायला निघताना पायात चप्पल घालता घालता ते बसले, ते उठलेच नाहीत. संध्याकाळी सगळं आटोपलंही होतं. "मेसेज टाकला होता ना, सिस्टर," दवाखान्यातले म्हणाले. टाकला होता! जिन्याखालच्या खोलीला कुलूप नव्हतं, सेट जागेवर होता, माईक हुकावर होता. एक बटन फिरवायचं, एक दाबायचं आणि दोन शब्द बोलायचे. इतक्या शहाण्या माणसांत एकालाही ते सुचलं नाही. ज्या माणसाने डोंगरातल्या आमच्यापर्यंत निरोप पोहोचावा म्हणून इतकी वर्षं भांडणं केली, त्याचाच शेवटचा निरोप आमच्यापर्यंत पोहोचला नाही. मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. याला मी काय म्हणू?

उत्तरकार्याच्या पत्रिकेत 'शांत व मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापलं होतं. कोणी लिहिलं देव जाणे! अप्पा मनमिळाऊ बिनमिळाऊ काही नव्हते. चांगले कडक भांडखोर होते. साखर कारखान्याच्या ऊस विभागात आयुष्यभर गाड्यांचे वायरलेस बसवले, दुरुस्त केले, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या केळीच्या बागेत खाट टाकून पडायचं सोडून आमच्याकडे आले. घरचे म्हणायचे, एवढ्या मोठ्या घरातला पाटील माणूस, त्या दवाखान्यात जिन्याखाली काय बसतो? अप्पा आपल्या बोलीत म्हणायचे, "जिनाखाले बठस म्हनीसन तर माले समदं ऐकू येस."

माझी त्यांची पहिली भेट भांडणातच झाली, पण भांडण माझ्याशी नव्हतं. संस्थेला नवी कोरी जीप मिळाली होती. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि अप्पा हातात ड्रिल घेऊन टपावर चढले. आमचे सेक्रेटरीसाहेब धावत आले. "अहो अप्पा, नव्या गाडीला भोक? चुंबकवाली अँटेना मिळते, नुसती ठेवायची." अप्पांनी वरूनच विचारलं, "गाडी दखाडाले लयेल शे का पेशंट आनाले?" म्हणजे गाडी दाखवायला आणलीय की पेशंट आणायला. आणि टपाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं. आमच्या रस्त्यांवर चुंबक पहिल्याच नाल्यात निखळतं, हे त्यांनी नंतर मला शांतपणे समजावून सांगितलं. सेक्रेटरीसाहेबांना नाही सांगितलं. भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, तिथे अँटेना घट्ट कसली, खालून रबर लावलं, आणि वायर छताच्या अस्तरातून आणून डॅशबोर्डच्या मागे घेतली. सेटची लाल तार त्यांनी थेट बॅटरीला जोडली, बॅटरीशेजारीच फ्यूज घालून. दिलवरला त्याच तारेवर गाण्यांचा टेप जोडायचा होता. त्याने नुसतं विचारलं तर अप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा दोन दिवस गाणंच गुणगुणला नाही.

मग माईकचा हूक कुठे लावायचा हा प्रश्न आला. तोवर सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की वायरलेस ड्रायव्हरचा. डॉक्टर असले तर डॉक्टरांचा. अप्पांनी मला डावीकडे बसवलं, हात पुढे करायला लावला, आणि माझा हात जिथे पोहोचला तिथे पेन्सिलने खूण केली. म्हणाले, "डायवरना हात स्टेरिंगवर. बोलानं काम सिस्टरनं." मी नवापूरकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातली. घरी आमची आदिवासी कोकणी बोलणारी, शाळेत मराठीला घाबरलेली, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडलेली. कुठल्याही गाडीत माझ्यासाठी म्हणून कोणी हूक लावला नव्हता. त्या माणसाने स्क्रू पिळता पिळता माझी जागा ठरवून टाकली, आणि मला ते कळायलाही काही महिने गेले.

शिकवणं म्हणाल तर नुसती खेकसाखेकसी. मी बटन दाबून लगेच बोलायला सुरुवात करायची आणि माझा पहिला शब्द कापला जायचा. 'रक्त हवं आहे' म्हणायचे तर तिकडे नुसतं 'हवं आहे' पोहोचायचं. अप्पा वैतागून म्हणायचे, "काय हवं शे? पेढा?" मग त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर बॉलपेनने लिहिलं आणि माझ्या सेटवर चिकटवली, "पहिले ऐक. मंग दाब. एक श्वास थांब. मंग बोल." तशीच दुसरी त्यांनी स्वतःच्या सेटवर लावली. इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाला त्या पट्टीची काय गरज, असं मी विचारलंही होतं. त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने घट्ट दाबलं.

आठच्या हजेरीचं मात्र मी त्यांना कधी नीट दिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. पाड्यावर सकाळी आठला कोणीतरी हातात कोरा चहा दिलेला असायचा. सेटमधून हाक यायची आणि मी आपली चहा संपवून, कप विसळून, पदर सावरून मग माईक उचलायची. अप्पा दुसरी हाक मारत नसत. मी बोलले की तिकडून एवढंच यायचं, "चहा व्हयना का?" झाला का म्हणे चहा! मला तो टोमणा वाटायचा. मुद्दाम आणखी हळू प्यायची मी.

सातपुड्यात अप्पांची हाक आम्हाला ऐकू यायची, पण आमचा आवाज तळोद्याला हवा तिथून लागत नसे, मध्ये डोंगर आडवे येतात. अप्पा वर्षभर आमच्याबरोबर प्रत्येक पाड्याच्या वाटेने फिरले. शंभर पावलं चालायचं, जीप पुढे घ्यायला लावायची, बोलून बघायचं. जिथून तळोद्याला आवाज स्वच्छ लागेल तिथे रस्त्याकडेला एक मोठा दगड ठेवायचा आणि त्याला चुना फासायचा. असे कितीतरी पांढरे दगड झाले. आम्ही 'दगडावर पोहोचलो की बोलू' असंच म्हणायचो. एका दगडाला लोकांनी शेंदूर लावला आणि नारळ वाहिला. मला वाटलं अप्पा चिडतील. ते खुशीत हसले, "बरं झायं. आते त्या दगडले कोनी हालवाव नही."

आता ती दसऱ्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, दिलवर कितीही नको म्हणो. दसऱ्याला दिलवरने जीप धुतली, हळदीकुंकू लावलं, आणि मोठ्या प्रेमाने झेंडूचा जाडजूड हार टपावरच्या अँटेनाला बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला वरच्या एका पाड्यावरून जमनाबाई नावाची बाळंतीण आणायची होती. हात लावून बघितलं तर मूल आडवं. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. ऑपरेशन करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा नंदुरबारहून यायचे, नेमका तोच दिवस होता, आणि पाच वाजता ते निघून जायचे. आम्हाला खाली पोहोचायला सहा वाजणार. पहिल्या पांढऱ्या दगडावर जीप थांबवली, माईक उचलला, एक श्वास थांबले, बोलले. उत्तर नाही. परत बोलले, काहीच नाही. मागे जमनाबाई कण्हत होती, तिची सासू माझ्याकडे बघत होती. 

आणि मग अगदी बारीक आवाजात अप्पा आले. त्यांच्या अँटेनाचा खांब उंच, सेट दणकट, म्हणून त्यांचं आमच्यापर्यंत कसंबसं पोहोचत होतं, आमचं मात्र त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. ते म्हणाले, "मार्था, तुन्हा आवाज येत नही. पन खरखर दबस. म्हंजे तू बटन दाबी ऱ्हायनी. आते बोलू नको. एकदाव दाब म्हंजे व्हय, दोनदाव म्हंजे नही." त्यांनी बटन फिरवून आपल्या सेटची खरखर पूर्ण मोकळी सोडली होती, आणि त्या कान किटवणाऱ्या आवाजात मी बटन दाबलं की तो किती दबतो, ते ऐकत बसले होते. मी एकदा दाबलं. "वायर तुटनी का?" मी वाकून बघितलं, दोनदा दाबलं. मग अप्पा म्हणाले, "काल दसरा व्हता. दिलवरनी पूजा करी का?" एकदा. "अँटेनाले हार बांधा का?" दिलवर माझ्याकडे बघायला लागला. एकदा. "तारमा ववेल शे का?" एकदा. त्यावर अप्पा जे काही म्हणाले ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापता येणार नाही. मग म्हणाले, "तोड तो!"

हार पडू नये म्हणून दिलवरने फुलं लोखंडी तारेत ओवली होती, ती तार अँटेनाच्या बुडाला चार वेढे दिली होती, आणि तिचं टोक टपाच्या पत्र्याला टेकलं होतं. आमचा आवाज अँटेनातून वर जायच्या ऐवजी तिथेच पत्र्यात मुरत होता. दिलवरने टपावर चढून दातांनी तार तोडली असेल, इतक्या लवकर तो हार खाली आला. मी बटन दाबलं, एक श्वास थांबले, म्हटलं, "मूल आडवं आहे. डॉक्टरांना थांबवा. रक्त तयार ठेवा." तिकडून अप्पांनी माझी तीनही वाक्यं जशीच्या तशी परत म्हणून दाखवली, आणि शेवटी म्हणाले, "थांबाडस. दारमा आडवा पडसू, पन थांबाडस." डॉक्टर थांबले. जमनाबाईही वाचली, मुलगीही वाचली. दर उन्हाळ्यात जमनाबाई अप्पांना आमचुराची पुरचुंडी आणून द्यायची. अप्पांना आंबट अजिबात सोसायचं नाही, तरी ते तिच्यासमोर चिमूटभर जिभेवर ठेवायचे. पुढच्या दसऱ्याला त्यांनी स्वतः सुतात ओवलेला हार आणला, जीपच्या पुढच्या बंपरला बांधला आणि दिलवरच्या पाठीवर एक थाप मारली. दिलवरला तेव्हाच सुटल्यासारखं झालं.

मोबाईल आले तसे मात्र सेटचे दिवस भरले असं सगळे म्हणायला लागले. एकदा संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरलंच होतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अप्पा, आता डोंगरात घरोघर मोबाईल आहेत." अप्पा म्हणाले, "टावर शे तठे लाइट नही, लाइट शे तठे टावर नही. मन्ही गाडीमा बॅटरी शे. लावा बरं सिस्टरले फोन." सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांसमोर तीनदा लावला. तीनही वेळा ती बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राबाहेर. मग अप्पा सगळ्यांना उठवून जिन्याखाली घेऊन गेले आणि हाक मारली. मला बिचारीला काय माहीत तिकडे कोण उभं आहे! मी नेमकी दगडावर होते. म्हटलं, "अप्पा, त्या सेक्रेटरीसाहेबांना सांगा, औषधांच्या पेट्या उद्या आल्या नाहीत तर त्यांच्या ओट्यावर येऊन बसेन मी." अप्पा म्हणाले, "सांगाले नको. आठेच उभा शेत, ऐकी ऱ्हायनात." पेट्या त्याच संध्याकाळी निघाल्या. सेट वाचला. मीटिंगच्या शेवटी अप्पा म्हणाले होते, "माले काढानं व्हई ते काढा. सेटले हात लावू नका." हे मला दिलवरने सांगितलं, अप्पा असल्या गोष्टी मला सांगत नसत.

आणि आता अप्पाच नाहीत म्हटल्यावर पुन्हा तेच. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, जेवणात, माझ्या हातात ताट असताना, सेक्रेटरीसाहेब हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या खोलीत आता औषधांची कपाटं ठेवू. सेटवर बसायला आहे कोण? लायसनची मुदतही संपत आलीय, पुढे वाढवायला नको." मी म्हटलं, "मी बसते." ते म्हणाले, "मग जीपमध्ये कोण?" म्हटलं, "सविता." सविता आमच्याकडची तरुण नर्स आहे, वरच्या पाड्यातलीच, घरी पावरी बोलणारी. माझ्या मोडक्यातोडक्या पावरीपेक्षा तिचं पेशंटला हजारपट कळतं. पट्टीवरचे नियम आणि ते एकदा-दोनदा दाबणंही मी तिला शिकवलेलं होतं. माझे गुडघे गेलेत हेही खरं. पण खरं सांगू? बोलून बसले आणि घरी जाऊन रडले. ती डावीकडची सीट मला सोडायची नव्हती. तो हूक माझ्या हाताच्या मापाचा होता.

दोन दिवसांनी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन एक माणूस जीपमधला सेट काढायला आला. मी जाऊन माझ्या सीटवर बसले आणि माईक हातात धरला. म्हटलं, "काढा. माझ्या हातातून काढा." दिलवरने बॉनेटवर बसकण मारली. लाल तार बॅटरीला जोडलेली आहे आणि बॅटरी बॉनेटखाली आहे, हे त्याला पाठ होतं. त्या माणसाने दोघांकडे बघितलं, चहा प्याला आणि गेला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "बरं, लायसन आहे तोवर राहू द्या. मग बघू." हे 'मग बघू' मी एकोणीस वर्षं ऐकतेय. त्याच दुपारी मुदत वाढवण्याचा अर्ज लिहिला, त्यांच्या टेबलावर ठेवला, आणि सही होईपर्यंत समोर उभी राहिले. ऑपरेटर म्हणून माझं नाव घातलंय.

गेल्या सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा अप्पांच्या खुर्चीत बसले. खोली एवढीशी, उठताना जिना डोक्याला लागतो. खुर्चीच्या पाठीला त्यांचा मफलर अजून आहे, कोणी नेला नाही, मीही काढला नाही. समोर त्यांच्या सेटवर ती चिकटपट्टी, शाई उडालेली. आठ वाजले. मी ऐकलं. दाबलं. एक श्वास थांबले. "डोंगर, डोंगर, तळोदा. हजेरी."

उत्तर नाही. आठ वाजून दोन मिनिटं. चार मिनिटं. जीप काल कुठल्या नाल्यात... दिलवरला घाटात झोप... पोर नवी आहे, तिला काही झालं असेल तर... दुसरी हाक मारावीशी वाटली आणि बटनावरचा अंगठा तसाच थांबला, कारण दोघं एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही. सहा मिनिटं. अप्पा, तुम्ही रोज असे बसायचात? मी कप विसळत होते आणि तुम्ही इथे, या जिन्याखाली, कान लावून? एकदा तरी मला झापायचं होतंत, भांडायचं होतंत. सगळ्या जगाशी भांडलात आणि माझ्याशीच तेवढं नाही भांडलात.

मी खरखर पूर्ण मोकळी सोडली. कान किटले. आणि त्या आवाजात, अगदी क्षणभर, कोणीतरी हात ठेवावा तशी ती खरखर दबली. जीप अजून दगडावर पोहोचलेली नव्हती, पण पोरीने बटन दाबलं होतं. मी श्वास घेतला. विचारायचं होतं तुम्ही सुखरूप आहात ना, गाडी ठीक आहे ना. माझ्या तोंडून दुसरंच निघालं, तेही त्यांच्याच बोलीत.

"सविता, चहा व्हयना का?"

खरखर एकदा दबली.